ढाबळीतली धूळ

त्या वर्षी मी दिवसभर कबुतरांची घरं काढत असे. मी वास्तुविशारद, जुन्या इमारतींच्या जतनाचं काम शिकलेली. नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमागे पुण्याहून सिंगापूरला आले, दोन वर्षं घरी बसले आणि मग इथल्या एका विद्यापीठात संशोधन सहायक म्हणून लागले. आमच्या गटाकडे एका थंड देशातून काम आलं होतं. तिथल्या खेड्यांतल्या जुन्या जहागिरींवर दगडी कबुतरखाने आहेत, काही तर चारशे-पाचशे वर्षांचे. तिकडचे लोक लेसरने त्यांची मोजमापं घेऊन पाठवत. पडद्यावर नुसता लाखो ठिपक्यांचा ढग दिसे. त्यातून भिंती, छप्पर, दार शोधून नकाशे काढायचे, हे माझं काम.

पहिला कबुतरखाना पडद्यावर उभा राहिला तेव्हा मला तो आवडला नाही. बाहेरून साधा गोल बुरूज. खिडकी एकही नाही, कबुतरांना यायला-जायला फक्त छपरात झरोका. दार इतकं बुटकं की वाकल्याशिवाय आत शिरता येणार नाही. आत मात्र जमिनीपासून छपरापर्यंत भिंतभर कोनाडे, ओळींवर ओळी, शेकडो काळी भोकं. मी पडद्यावर त्या बुरुजाच्या मधोमध उभी राहून चित्र गोल फिरवलं की ती सगळी भोकं माझ्याकडे बघतायत असं वाटे. मी उजेड वाढवून काम करायची.

मधोमध एक उभा लाकडी खांब होता, स्वतःभोवती फिरणारा, आणि त्याला आडव्या दांड्यांनी जोडलेली, भिंतीलगत पोचणारी शिडी. शिडीवर चढलेल्या माणसाने भिंतीला हात लावून नुसतं ढकललं की शिडी गोल फिरायची आणि एकेका कोनाड्यापाशी हात पोचायचा. हात पोचायचा तो पिल्लं काढायला. उडायला लागायच्या आधीची, महिन्याच्या आतली पिल्लं. इतर ताजं मांस मिळेनासं झालं की ती मालकाच्या ताटात जायची. अशी कबुतरं पाळायचा हक्क बहुतेक ठिकाणी फक्त जहागीरदाराचा. ती दिवसभर कुळांच्या शेतातले दाणे खायची आणि कुळांनी त्यांना साधा खडाही मारायचा नाही. संध्याकाळी सगळी परत मालकाच्या बुरुजात. खाली साचणाऱ्या शिटेचं खत इतकं कसदार की ते जपून ठेवत. बंदुकीच्या दारूला लागणारा सोरासुद्धा त्यातून काढत. हे सगळं मी टिपणांत लिहीत होते आणि मला ते रंजक वाटत होतं. आत जाऊन ती शीट फावड्याने कोण काढत असेल, हा विचार काही माझ्या मनात आला नव्हता.

त्याच वर्षी सासूबाई गेल्या आणि अण्णा, म्हणजे माझे सासरे, आमच्याकडे राहायला आले. ते साखर कारखान्यात फिटर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. कृष्णाकाठच्या त्यांच्या गावात घर होतं, पण घरात माणूस कोणी उरलं नव्हतं. नवऱ्याने त्यांच्यासाठी लाँग टर्म व्हिजिट पास, म्हणजे इथे राहायचा परवाना, काढला. आमचा फ्लॅट बुकित बातोकला, अकराव्या मजल्यावर, भाड्याचा. मागच्या खोलीत अण्णा आणि आमची आठ वर्षांची मुलगी. सकाळी सातपर्यंत तिघं बाहेर पडायचो. मुलगी शाळेनंतर सहापर्यंत पाळणाघरात असायची. तोवर अण्णा एकटे.

"करमतं का, अण्णा?" मी विचारायची.

"करमतंय की. मला काय झालंय," असं म्हणायचे आणि टीव्हीचा आवाज वाढवायचे.

एकदा जेवणाच्या टेबलावर मी लॅपटॉप उघडा ठेवून पोळ्या करत होते. अण्णा पाणी प्यायला आले आणि पडद्यासमोर थांबले.

"ही ढाबळ कुठली गं?"

"तुम्हाला कसं कळलं ढाबळ आहे ते?"

"न कळायला काय झालं? आमच्या इनामदारांची अशीच होती. दगडी. एवढी मोठी नव्हती, पण गोलच. माझा बाप तिथंच राबला जन्मभर."

मला ही गोष्ट माहीतच नव्हती. नवऱ्यालाही नाही. आजोबा इनामदारांकडे कामाला होते एवढंच त्याला माहीत. अण्णा खुर्ची ओढून बसले आणि पडद्याला बोट लावून सांगू लागले. बाहेरच्या भिंतीवर छातीच्या उंचीला दगडाचा एक पट्टा पुढे आलेला होता. मी तो शोभेचा समजून वेगळ्या रंगात काढला होता. अण्णा हसले.

"नक्षी न्हाई ती. उंदीर भिंतीवर सरळ चढतो, पण हितं आला की त्याला उलटं व्हावं लागतं. मग पडतो खाली. मुंगूसबी पडतं."

दुसऱ्या दिवशी मी तिकडच्या लोकांना विचारलं. त्यांनी लगेच कळवलं, बरोबर आहे, तो उंदरांसाठीच. त्यानंतर कितीतरी संध्याकाळी अण्णा माझ्या शेजारी बसून नकाशे बघायचे. त्यांच्या इनामदारांच्या ढाबळीतलं खत मिरचीला आणि पानमळ्याला जायचं. इनामदार पाहुण्यांना पिल्लांचं कालवण घालायचे. अण्णांच्या घरी ते कधी शिजलं नाही. सासूबाई गेल्यापासून त्यांना एवढं बोलताना मी प्रथमच बघत होते.

"तुम्हीसुद्धा आत जायचात?" मी विचारलं.

"जायचो की. बाप थकल्यावर मीच जायचो. चार-पाच वर्षं केलं. मग कारखान्यात लागलो." एवढं बोलून ते उठले आणि स्वतःचा पेला विसळायला गेले.

दोनेक महिन्यांनी त्यांना खोकला लागला. कोरडा, छोटा खोकला. बोलताना वाक्याच्या मधे यायचा. नवरा म्हणाला, एसीमुळे असेल. मग संध्याकाळी कणकण येऊ लागली. मी घरी यायची तेव्हा अण्णा सिंगापूरच्या त्या उकाड्यात लोकरीचा स्वेटर घालून सोफ्यावर बसलेले असायचे. जेवणापर्यंत अंग तापायचं. सकाळी उठावं तर ठणठणीत. स्वतःचा चहा स्वतः करायचे. हळूहळू शर्ट खांद्यावरून लोंबायला लागले.

संध्याकाळचा ताप, कोरडा खोकला, उतरणारं वजन. माझ्या मनात जो शब्द आला तो मी नवऱ्याला तीन आठवडे सांगितला नाही. क्षय. मुलगी त्याच खोलीत झोपत होती, त्यांच्यापासून दोन हातांवर. घर भाड्याचं, नोकऱ्या पासवरच्या, आणि अण्णा तर आमच्या पासच्या आधारावर राहिलेले. क्षय निघाला तर त्यांच्या पासचं काय होतं, मुलीला शाळेत बसू देतात का, घरमालक काय म्हणेल, यातलं मला काहीच नक्की माहीत नव्हतं. विचारायचीही भीती वाटत होती. विचारलं की कुणाला तरी कळलं असतं.

मी मुलीची गादी आमच्या खोलीत आणली. "आजोबांना झोप लागत नाही तू बडबडतेस म्हणून," असं तिला सांगितलं.

"बट आय डोन्ट टॉक अ‍ॅट नाइट, लाह," ती इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली. "आजोबा ओन्ली कॉफिंग."

अण्णांचा पेला मी वेगळा केला. स्टीलचा, काठाला चेपलेला, सहज ओळखू येईल असा. त्यांचं ताट धुताना पाणी उकळून घ्यायला लागले. चौथ्या-पाचव्या दिवशी ते तो पेला हातात घेऊन माझ्यासमोर उभे राहिले.

"माझा पेला येगळा केलास व्हय?"

"तुम्हाला कोमट पाणी लागतं ना," मी म्हणाले. माझी नजर ओट्यावर होती.

"बरं," ते म्हणाले. आणि ते त्यातूनच पाणी प्याले.

मग एक विचित्र गोष्ट झाली. आमच्या बाथरूमच्या फरशीतून खालच्या घरात पाणी झिरपत होतं, म्हणून घरमालकाने दुरुस्ती काढली. नवऱ्याचा एक मित्र सहकुटुंब भारतात गेला होता. त्याचं सेम्बावांगचं घर आम्हाला आठवडाभर मिळालं. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून अण्णांचा ताप गेला. खोकला अर्ध्यावर आला. ते नातीला घेऊन समुद्रापर्यंत चालत गेले आणि येताना तिच्याशी शर्यत लावली म्हणे. मला वाटलं, सुटलो. बुकित बातोकला परत आलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दार उघडलं तर अण्णा स्वेटर घालून बसले होते आणि त्यांचे दात वाजत होते.

त्या दिवसापासून मला घराचीच भीती वाटायला लागली. अण्णांची खोली सोडून बाकी घरभर मी भिंतींवर बुरशी शोधली. एसीच्या जाळ्या काढून धुतल्या. कपाटं ओढून मागे बघितलं. आत शिरलं की मी नकळत श्वास रोखून धरायची. मुलगी शिंकली तरी मी तिच्या कपाळाला हात लावून बघायची.

शेवटी नवऱ्याला तो शब्द सांगितला. तो चिडला नाही. मग म्हणाला, "मला पण तेच वाटत होतं. तू घाबरशील म्हणून बोललो नाही."

एक्स-रे काढला. दोन्ही बाजूंना पांढुरकं दिसत होतं. थुंकीची तपासणी झाली. निकाल येईपर्यंतच्या दिवसांत मी कामावर जाऊन पडद्यासमोर बसायची आणि एकही रेघ काढायची नाही. निकाल आला, क्षय नव्हता. मी विद्यापीठाच्या जिन्यात बसून रडले. पण मग जे दुसरं काही होतं, ते क्षयापेक्षा बरं असेल असं कुणीच म्हणत नव्हतं.

छातीच्या डॉक्टरांनी स्कॅन दाखवला. वयस्कर, हळू बोलणारे गृहस्थ होते. फुप्फुसांत काचेवर वाफ धरावी तसं काहीतरी दिसत होतं आणि खालच्या बाजूला बारीक रेघा.

"ह्या रेघा म्हणजे व्रण," ते म्हणाले. "हे जे धुरकट आहे ते अजून परत फिरू शकतं. कशामुळे होतंय ते सापडलं पाहिजे. नाही सापडलं तर फुप्फुसाचा छोटा तुकडा काढून बघावा लागेल." मग त्यांनी एक यादीच विचारली. धूम्रपान? कारखान्यातली धूळ? ओलं गवत? "घरात पक्षी आहेत का? पोपट, कबुतरं?"

मी अण्णांना मराठीत विचारलं. ते पडद्यावरच्या स्वतःच्या छातीकडे बघत होते.

"न्हाई," ते म्हणाले. "पक्षी कुठला आलाय घरात."

"नाहीत," मी डॉक्टरांना इंग्रजीत सांगितलं. तुकडा काढायची तारीख ठरवायची होती. नवऱ्याने दोन दिवस मागून घेतले.

त्या दोन दिवसांतलीच गोष्ट. ज्या जहागिरीचा कबुतरखाना मी तेव्हा काढत होते तिथल्या राखणदार बाईंशी व्हिडिओवर बोलायचं होतं. बाई सत्तरीच्या असतील. त्यांचे वडीलही तिथेच कामाला होते. दार डावीकडे उघडतं की उजवीकडे असले प्रश्न मी विचारत होते. बोलता बोलता त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी मोजायला माणसं आली तर त्यांना तोंडाला चांगला मास्क लावून यायला सांगा.

"एवढी धूळ आहे?" मी विचारलं.

"धूळ साधी नाही ती. माझे वडील वर्षानुवर्षं आत जाऊन साफ करायचे. ज्या दिवशी साफ केलं त्या दिवशी संध्याकाळी हमखास थंडी वाजून ताप. सकाळी उठले की बरे. आई म्हणायची, थकवा आहे. पुढे पुढे त्यांना फाटकापर्यंत चालताना दोनदा थांबावं लागायचं. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, कबुतरांमुळे. तोवर फार उशीर झाला होता."

पुढे त्या काय म्हणाल्या ते मला ऐकूच आलं नाही. काहीतरी सबब सांगून मी कॉल बंद केला.  अण्णा म्हणाले होते, बाप थकल्यावर मी जायचो. पण त्याला पन्नास वर्षं झाली. आता इथे, अकराव्या मजल्यावर, कुठली कबुतरं? मग आठवलं, मागच्या खोलीचा पडदा हल्ली सतत ओढलेला असायचा. मुलीची गादी हलवल्यापासून मी त्या खोलीत झाडू मारायलासुद्धा गेले नव्हते. अण्णाच म्हणाले होते, माझं मी करतो. मला संसर्गाची भीती, म्हणून मीही बरं म्हटलं होतं.

ऑफिसात निरोप न ठेवता मी निघाले. एमआरटीत, इथल्या मेट्रोत, उभी होते. बसायला जागा होती तरी बसवत नव्हतं. नवऱ्याला फोन लावला, तो मीटिंगमध्ये होता. बुकित बातोकला उतरून जवळजवळ पळत गेले. लिफ्टपाशी कबुतरांना खायला घालू नका अशी पाटी होती, वर्षभर रोज बघितलेली. त्या दिवशी मी ती पहिल्यांदा वाचली. ते बेकायदा होतं आणि दंड होता. लिफ्ट चढत असताना मी देवाला म्हणत होते की असं काही नसू दे, आणि लगेच दुसऱ्या श्वासात, असू दे, हेच कारण असू दे.

दार उघडलं. टीव्ही चालू होता, समोर कोणी नव्हतं. मागच्या खोलीतून घुमण्याचा आवाज येत होता. घुटर्र, घुटर्र. अगदी जवळून.

मी चपला काढल्या आणि दाराशी गेले.

खिडकीची जाळी पूर्ण बाजूला सरकवलेली होती. अण्णा स्टुलावर गुडघे टेकून कमरेपासून वर खिडकीबाहेर होते. मला त्यांची पाठ दिसत होती, ढिली विजार दिसत होती आणि हवेत उचलली गेलेली पावलं. पोट चौकटीवर टेकवून ते खाली वाकले होते. खिडकीखाली एसीचं बाहेरचं यंत्र ठेवायला सिमेंटचा कट्टा असतो, तो खरवडल्याचा आवाज येत होता. त्यापुढे काही नव्हतं. अकरा मजले.

मी हाक मारली नाही. तोंडापर्यंत आलेली हाक मी गिळली. दचकले असते तर काय झालं असतं ते मला दिसतच होतं. मी अनवाणी पुढे गेले. चार पावलांची खोली. मधेच त्यांना खोकल्याची उबळ आली आणि सगळं अंग हललं, स्टूल एका पायावर आलं. मी उडी मारूनच त्यांच्या कमरेला दोन्ही हातांची मिठी घातली आणि मागे ओढलं. आम्ही दोघंही खाली पडलो. त्यांच्या हातातून काहीतरी सुटलं.

माझं स्वयंपाकघरातलं लोखंडी उलथणं. ते खाली गेलं होतं.

मी उठून बाहेर डोकावले. खाली गवत, त्याला लागून पायवाट. पायवाटेवर ढकलगाडी घेतलेली एक चिनी आजी थांबून वर बघत होती. उलथणं तिच्यापासून सात-आठ हातांवर गवतात पडलेलं. आजीने एकदा माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि पुढे निघून गेली. मी खिडकीची चौकट धरून उभी राहिले.

मग मी कट्ट्याकडे पाहिलं. एसीच्या यंत्रामागे फळांचं एक लाकडी खोकं आडवं ठेवलेलं होतं. आत फळ्या बसवून चार कप्पे केलेले. फिटरचा हात होता, एकही फळी तिरकी नव्हती. खाली पांढऱ्या-हिरव्या शिटेचा थर, त्यावर पिसं, तांदूळ. एका कप्प्यात दोन पिल्लं, पिवळट लव अंगावर, चोची उघडून माझ्याकडे बघत होती. खोकं अण्णांच्या उशीपासून हातभरही लांब नव्हतं. वाऱ्याबरोबर बारीक, पिठासारखी धूळ आत आली आणि उन्हात दिसली. मी खिडकी ओढून घेतली.

अण्णा जमिनीवरच बसले होते, धापा टाकत.

"डॉक्टरांनी विचारलं होतं," मी म्हणाले.  "मी तुम्हाला विचारलं. तुम्ही नाही म्हणालात. तुमची छाती उघडणार होते ते!"

 धाप ओसरल्यावर ते म्हणाले, "माझ्या बापाची छाती अशीच बंद झाली. दमा म्हणायचे लोक. मी ढाबळीत जायला लागलो आणि मलाबी संध्याकाळचं हीव भरायला लागलं. कारखान्यात लागलो आणि थांबलं. मला ठावं होतं गं."

"माहीत होतं? मग तरीही?"

"एक पारवा येऊन बसायला लागला. सकाळी तुम्ही गेला की यायचा. मी दोन दाणे टाकले. मग जोडी आली. दिवसभर हितं कोण असतंय? बोलायला तर कोण पायजे." मग ते म्हणाले, "डॉक्टरला खरं सांगितलं असतं तर तुमच्यावर काय कारवाई झाली असती, काय म्हाईत. पाटी हाय ना खाली. पास जायचा पोराचा. आन् मला तुम्ही परत धाडलं असतं. तिथं त्या घरात मी एकटा..."

त्यांना वाक्य पुरं करता आलं नाही. मला इतका राग आला होता की मी काहीही बोलले असते. पण मला तो चेपलेला पेला आठवला. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. आम्ही दोघं एकमेकांपासून तीन महिने काय काय लपवत होतो, याचा हिशेब लावायची माझ्यात ताकद नव्हती.

नवरा आला तेव्हा तो ओरडला. अण्णांवर त्याला ओरडताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "खोटं का बोललात? मेला असतात तुम्ही!" अण्णा मान खाली घालून म्हणाले, "तू मला परत धाडशील म्हणून." त्यावर तो खोलीत गेला आणि सेंगकांगच्या एका मराठी मित्राला फोन केला. त्याच संध्याकाळी अण्णांना तिकडे सोडलं.

डॉक्टरांना आम्ही सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. एक रक्ताची तपासणी केली आणि म्हणाले, तुकडा काढायची आता गरज वाटत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या. "पण एक पीससुद्धा त्यांच्या जवळ नको. पुन्हा नाही, कधीच नाही."

पक्षी हटवणाऱ्या कंपनीची माणसं खोकं न्यायला आली तेव्हा मुलगी घरी होती. मी तिला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं, पण पिल्लं ठेवलेली त्यांची पेटी तिने बघितली.

"व्हेअर दे टेकिंग द बेबीज?" तिने विचारलं.

मला खोटं बोलायचा कंटाळा आला होता. "मला माहीत नाही," मी म्हणाले. ती त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. नंतर कळलं की तिला कबुतरं आधीपासून ठाऊक होती. अण्णांनी तिला दाखवली होती आणि सांगू नकोस म्हणाले होते. आठ वर्षांच्या पोरीने दोन महिने तोंड बंद ठेवलं होतं. तिचीही छाती तपासून घेतली. तिला काही नव्हतं. तो अहवाल मी तीनदा वाचला.

खोली ओल्या फडक्यांनी धुतली, उशा-गाद्या टाकून दिल्या, जाळीला कुलूप लावलं. अण्णा दोन आठवड्यांनी परत आले. गोळ्यांनी चेहरा सुजला होता, साखर वाढली होती, पण संध्याकाळी अंग गार होतं. स्वेटर मी वरच्या फळीवर ठेवून दिला. मुलीची गादी मात्र आमच्याच खोलीत राहिली. दिवसा अण्णा एकटे राहू नयेत म्हणून नवऱ्याने वस्तीतल्या कम्युनिटी सेंटरमधले वर्ग शोधले. ते कुरकुरत जायला लागले आणि तिथल्या तमिळ आजोबांशी हातवारे करून बुद्धिबळ खेळायला लागले.

पासबद्दल कुणाचंच पत्र आलं नाही. मी मात्र किती तरी महिने खाली पत्रपेटी उघडताना आधी डोळे मिटून घ्यायची.

त्या जहागिरीच्या नकाशावर, बुटक्या दाराच्या आतल्या जागेवर, मी एक ओळ लिहिली. शीट काढणारा माणूस इथे उभा राहून काम करत असे, आणि हे काम फुप्फुसांना घातक होतं. आमच्या गटप्रमुखांनी विचारलं, मोजमापांच्या नकाशावर हे कशाला? मी त्यांना अण्णांचं सांगितलं. त्यांनी ओळ राहू दिली.

फुप्फुसांचं धुरकटपण गेलं. खालच्या रेघा गेल्या नाहीत. त्या वाढतात की नाही हे बघायला दर सहा महिन्यांनी स्कॅन करायचा होता. तपासणी जवळ आली की मी अण्णांचं चालणं मोजायला लागायची. काल लिफ्टपर्यंत न थांबता गेले, आज खांबाला हात का लावला? त्यांना ते कळायचं. मुद्दाम भराभर चालायचे आणि मग धाप लपवायला बुटाची नाडी बांधायला वाकायचे.

वर्षभरानंतरच्या स्कॅनला नवरा दौऱ्यावर होता. आम्ही दोघंच गेलो. डॉक्टरांनी जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावले आणि एकेक रेघ ताडून पाहिली. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते.

"वाढलेलं नाही," ते म्हणाले.

"काय म्हणाला?" अण्णांनी विचारलं.

"वाढलेलं नाही म्हणाले."

"मग डोळे कशाला पुसतेस?"

परत येताना रस्ता ओलांडायचा पूल लागला. लिफ्ट पलीकडे होती. अण्णा म्हणाले, जिन्याने जाऊ. मी नको म्हणेपर्यंत ते चढायला लागलेसुद्धा. मधल्या टप्प्यावर थांबले, कठड्याला धरून. खालून गाड्या जात होत्या. मी त्यांच्या मागच्या पायरीवर उभी होते, दोन्ही हात थोडे पुढे करून.

"चल," थोड्या वेळाने ते म्हणाले आणि पुढची पायरी चढले.

मी हात खाली घेतले नाहीत.